कट्टीत चिठ्ठी चालते

दुधनी,
५ नोव्हेंबर २०२४

अण्णा,

नमस्कार करते, पण कागदावरच. तोंडानं नाही. आजपासून तुझी-माझी कट्टी.

हसू नकोस. बासष्ट वर्षांची बाई आणि कट्टी कसली, असं म्हणशील. म्हण की. भाऊबीजेला तुमच्या जुळे सोलापूरच्या नव्या फ्लॅटवर आले, ओवाळलं, जेवले, सगळं गोड झालं. मग सहज विचारलं, अण्णा, आपली सिनेमाची पेटी कुठं ठेवलीस रे? तर खाली बघत म्हणालास, बाळीवेशीतली खोली रिकामी करताना भंगारवाल्याला दिली. फुटकी बादली दिल्यासारखं सांगितलंस! पन्नास वर्षांच्या वर जपलेली पेटी, आणि मला एक फोन करता आला नाही? मी दुधनीहून पहिल्या गाडीनं आले असते आणि डोक्यावर घेऊन गेले असते.

वर धड बोलतही नव्हतास. दोन शब्द, मग खाकरणं, मग पाणी. लाज वाटत होती, दुसरं काय! वाटायलाच पाहिजे.

तेव्हा फोन करू नकोस, मी उचलणार नाही. तुझा नाही, तुझ्या लेकाचा महांतेशचा नाही, सूनबाईचाही नाही. अख्ख्या घराशी कट्टी. पत्र चालेल. कट्टीत बोलायचं नाही पण चिठ्ठी चालते, हा नियम तूच काढला होतास. तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि तुला माझ्याकडचे चिंचोके पाहिजे होते.

बट्टी हवी असेल तर अट ऐक. पेटीत काय काय होतं ते एकूण एक आठवून लिहून पाठव. एक जरी वस्तू विसरलास तर कट्टी तशीच राहील.

लई रागावलेली,
शिवलीला


सोलापूर,
११ नोव्हेंबर २०२४

शिवलीला,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं तेव्हा सूनबाई रेश्मा म्हणाली, बाबा, बँकेचं काही आलंय का? माणसं माणसांना पत्र लिहितात हे तिला ठाऊकच नाही. मी म्हटलं, नाही गं, दुधनीहून हुकूम आलाय.

कट्टी मान्य. चूक माझी. आणि खरं सांगू, मलाही बरंच झालं. दिवाळीपासून घसा बसलाय. फोनवर ओरडण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं. नवी पेठेत चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात 'या ताई, बसा ताई, हा रंग बघा' करून जेवढं बोललो तेवढं आता पुरे.

आता पेटी. पेटी म्हणजे चादरींचं लाकडी खोकं, त्याला अप्पांनी बिजागरी बसवून दिली होती. आत सगळ्यात महत्त्वाचा तो उडालेला बल्ब. त्याची टोपी काढून आतली तार काढली, तेव्हा माझं बोट कापलं आणि तू परकराचा काठ फाडून बांधलास. परकर फाडला म्हणून अव्वाचा मार तू खाल्लास. त्या बल्बात पाणी भरलं की झालं आपलं भिंग. मग दोन आरसे, एक अप्पांचा दाढीचा आणि एक कपाटाचा, कोपरा उडालेला. अप्पांच्या जुन्या धोतराचा तुकडा, तो पडदा. तेलाचा पत्र्याचा डबा, वीज कडकडायला. फणी आणि तिला लावायचा पतंगाचा कागद, ते आपलं संगीत. काड्यापेट्यांची छापं, ती तिकिटं. पाच चिंचोके दिले की एक छाप. समोरच्या निंगव्वाला मात्र फुकट, कारण ती वेळेवर रडायची आणि तिचं बघून सगळी पोरं रडायची.

आणि फिल्मचे तुकडे. थिएटरच्या मागं ऑपरेटर टाकून द्यायचा ते, आणि गड्ड्याच्या जत्रेत घेतलेली एक गुंडाळी. घोड्यावरचा माणूस, फक्त पाठ. रेल्वेचं इंजिन. मारामारीत हवेत राहिलेला एक हात. जिना उतरणारा म्हातारा. रडणारी बाई, तीनच चित्रं. एक नुसता निळा तुकडा, काहीच नसलेला, तो मी 'समुद्र' म्हणून दाखवायचो. सोलापुरात कोणी समुद्र बघितला होता! सगळ्यांनी मान्य केला.

पेटीच्या झाकणावर आतून खडूनं लिहिलं होतं, 'शिवलीला-प्रभु टॉकीज'. तुझं नाव आधी, कारण तू रुसली होतीस.

झालं. आता बट्टी कर.

प्रभु


दुधनी,
१६ नोव्हेंबर २०२४

अण्णा,

पत्र पोचलं. मल्लव्वा भाकऱ्या थापायला येते, तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'अय्यो, तुमच्या अण्णांच्या किती ध्यानात हाय की!' मी म्हटलं, कुठलं? एक वस्तू राहिली.

हो अण्णा, एक राहिली. कुठली ते मी सांगणार नाही. आठव. तोवर कट्टी.

आणि आरशांचं लिहिलंस, पण कपाटाचा आरसा कोण धरायचं ते नाही लिहिलंस. मी धरायचे, बाहेर पायरीवर बसून. उन्हाचा कवडसा दाराच्या भोकातून आत पाठवायचं काम माझं. ऊन सरकलं की मी सरकायचे. तुम्ही सगळे जिन्याखालच्या त्या खोलीत गारव्याला, आणि मी बाहेर डोकं तापवत. अण्णा, आपल्या टॉकीजमधलं एकही चित्र मी कधी पडद्यावर बघितलं नाही. तुझ्या लक्षात तरी आलं का?

ऐकलं मात्र सगळं. आतून तुझा आवाज यायचा. आधी राजा, मग चोर, मग तो खोकणारा म्हातारा. रडणाऱ्या बाईची गोष्ट तू दर रविवारी बदलायचास. कधी तिचा मुलगा हरवलेला, कधी नवरा लढाईवर गेलेला, एकदा तर तिची म्हैस मेली होती! मी बाहेर आरसा हलू न देता हसायचे. तेवढ्यावर मला सगळं दिसायचं. पुढं लग्न झाल्यावर ह्यांच्याबरोबर खरे सिनेमे बघितले, चांगल्या खुर्च्यांत बसून. पण मला ते फिके वाटायचे. ह्यांना वाटायचं, मला सिनेमा आवडतच नाही.

ती जिन्याखालची खोली आता कशी आहे रे? खोली सोडलीस तेव्हा डोकावलास का? मला जगात आवडती जागा विचारली तर मी ती पायरी सांगेन. तीर्थयात्रा केल्या, काशी झाली, श्रीशैल झालं, पण पायरी ती पायरी.

लवकर आठव.

शिवलीला


सोलापूर,
२१ नोव्हेंबर २०२४

शिवलीला,

आशीर्वाद. तुझं पत्र तीनदा वाचलं. तू बाहेर असायचीस हे मला माहीत होतं. तू एकही चित्र बघितलं नाहीस, हे मात्र इतक्या वर्षांत कधी मनात आलं नाही. काय मी भाऊ! पेटी असती तर आता तुला आत बसवलं असतं आणि मी आरसा धरला असता. तीच देऊन बसलो.

जिन्याखाली आता पाण्याची मोटार बसवलीय. पायरी आहे, पण तिच्यावर फरशी घातली. मी निघताना तिथं घटकाभर बसलो होतो. शेजारच्या म्हणाल्या, काका, चक्कर आली का?

राहिलेली वस्तू काही आठवत नाही. शिट्टी म्हणावं तर ती आपली नव्हती, निंगव्वाच्या भावाची होती. तुझे बांगड्यांचे तुकडे? ते तू पेटीत ठेवू द्यायची नाहीस. दोन दिवस डोकं खाजवतोय. मी हरलो असं समज.

एक मागणं आहे. कट्टी या बुधवारपर्यंत सोड. २७ तारखेला संध्याकाळी सातच्या सुमाराला मी फोन करीन, तेवढा उचल. पाच मिनिटं, जास्त नाही. गुरुवारपासून मी जरा गडबडीत आहे, मग बोलणं होईलसं वाटत नाही. पुन्हा कट्टी करायची असेल तर शुक्रवारपासून खुशाल कर, माझी हरकत नाही.

तब्येतीला जप. गुडघ्याला तेल लावतेस ना?

प्रभु


दुधनी,
२६ नोव्हेंबर २०२४

अण्णा,

बघा, कसे मूळ वळणावर गेले! 'हरलो असं समज' म्हणे. लहानपणी हरलास की पट उधळून पळायचास, आता पत्रानं पळतोस.

गुरुवारपासून गडबड कसली? महांतेश नवी गाडी घ्यायची म्हणत होता, तीच ना? घ्या, फिरा. मला काय त्याचं!

फोन उचलणार नाही. उद्या सात वाजता मांडीवर घेऊन बसेन आणि वाजू देईन. संक्रांतीला गड्ड्याला येणारच आहे. तेव्हा समोर बसवून राहिलेली वस्तू सांगेन, मग बट्टी. दीड महिना कळ काढ. तोवर लिहीत राहा. ऑपरेटरची गोष्ट लिही, त्यानं तुला कान धरून आत नेलं होतं ती. मोठं पत्र लिही.

शिवलीला


सोलापूर,
९ डिसेंबर २०२४

आत्या,

नमस्कार. मी रेश्मा, महांतेशची बायको. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या घरचा कुणाचाच फोन तुम्ही उचलत नाही. महांतेश दुधनीला येऊन सांगतो म्हणाले, पण बाबांनी हात जोडून त्यांना थांबवलं. मी बाबांना न विचारता लिहितेय.

बाबांना घशाचा कॅन्सर निघाला. सप्टेंबरमध्येच कळलं होतं. तुम्हाला सांगायचं नाही, अशी त्यांनी आम्हाला शपथ घातली होती. दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा ते कमी बोलत होते, ते त्यामुळंच. २८ नोव्हेंबरला, गुरुवारी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. आता बाबांना बोलता येत नाही आणि पुढंही येणार नाही. गळ्याला भोक केलंय, त्यातून श्वास घेतात. जिवाला सध्या धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले. काल घरी आणलं. पाटी दिलीय, तिच्यावर लिहून सांगतात.

आत्या, आदल्या दिवशी संध्याकाळी ते हॉस्पिटलच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. मला म्हणाले, तू जरा लांब थांब. तुम्हाला तीनदा फोन लावला. तिसऱ्यांदा पूर्ण वाजून बंद झाला तेव्हा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, 'कट्टी आहे गं आमची.' त्यानंतर काही बोलले नाहीत. सकाळी लवकर आत नेलं. म्हणजे ते त्यांचं शेवटचं बोलणं.

तुमचं पत्र शुक्रवारी घरी आलं. चार दिवसांनी मी ते वॉर्डात नेलं. वाचून हसले, पण हसण्याचा आवाज आला नाही. मग पाटीवर लिहिलं, 'तिला कळवू नका. संक्रांतीला येईल तेव्हा बघू.' माझ्याच्यानं राहवलं नाही. तुम्ही लवकर या.

तुमची,
रेश्मा


दुधनी,
१६ डिसेंबर २०२४

अण्णा,

शनिवारी तुझ्यासमोर दोन तास बसले आणि एक शब्द बोलले नाही. रेश्माला वाटलं, आत्यांना रडू आवरत नाही म्हणून बोलत नाहीत. तसं नव्हतं. तोंड उघडलं असतं तर बट्टी झाली असती. ज्या बट्टीसाठी तू तीनदा फोन केलास, ती आता मी कुठल्या तोंडानं करू? तू पाटीवर लिहिलंस, 'जेवलीस का', आणि मी मान हलवली. तू पुसलंस आणि लिहिलंस, 'गुडघा?' मी पुन्हा मान हलवली. एवढंच झालं. गाडीत बसल्यावर अक्कलकोटपर्यंत रडले. शेजारच्या बाईनं पाणी दिलं.

आता जे सांगायचंय ते सांगते. तू एकही वस्तू विसरला नव्हतास. सगळं बरोबर लिहिलं होतंस. फणीचा पतंगाचा कागद मलाही आठवत नव्हता, तो तुला आठवला. मी खोटं बोलले.

का, ते ऐक. हे गेल्याला सहा वर्षं झाली. आडत बंद केली, दुकानाला कुलूप. पोरगा बंगळुरात, रविवारी त्याचा फोन येतो. 'अव्वा, बरी आहेस ना?' 'बरी आहे.' झालं. त्याची चूक नाही, त्याला कामं आहेत. तुझाही महिन्यातून एकदा यायचा, तो तसाच. आणि मग तुझं ते पत्र आलं. चार पानं! कुणीतरी बसून माझ्यासाठी चार पानं आठवत होतं. परकर फाडल्याचं, मार खाल्ल्याचं. मी ते उशाशी ठेवलं. बट्टी केली असती तर तू पुन्हा फोनवर आला असतास, 'बरी आहेस का' म्हणाला असतास, आणि पत्रं थांबली असती. म्हणून म्हटलं, एक राहिली. वाटलं, संक्रांतीपर्यंत तरी येत राहतील.

त्या बुधवारी फोन खरंच मांडीवर होता. तीनदा तुझं नाव आलं. मल्लव्वा म्हणाली, 'उचला की बाई, किती वाजतोय!' मी तिला डोळा मारला. अण्णा, मी हसत होते. तू तिकडं हॉस्पिटलच्या खुर्चीवर, आणि मी हितं हसत होते. हे मी कुणाला सांगू? मल्लव्वाला सगळं कळलंय. ती आता माझ्याकडं बघत नाही, खाली बघून भाकरी थापते.

मला तुझ्या आवाजाशिवाय दुसरं काय माहीत होतं रे त्या पेटीतलं! बाकी सगळं भंगारात गेलं म्हणून मी रुसले, आणि जे खरं माझं होतं ते दारात येऊन तीनदा वाजलं तर मी दार उघडलं नाही.

शिव्या दे. कागदावर दे. पण एक विचारते, त्याचं खरं उत्तर दे. त्या बुधवारी तू काय बोलणार होतास?

शिवलीला


सोलापूर,
२४ डिसेंबर २०२४

शिवलीला,

शिव्या देत नाही. खोटं तू एकटीच बोलली नाहीस.

पेटी मी अडगळ म्हणून दिली नव्हती. डॉक्टरांनी सांगितल्यावर पंधरा दिवसांनी खोली रिकामी करत होतो. पेटी उघडली. रडणाऱ्या बाईचा तुकडा उजेडात धरला आणि सवयीनं तिचा आवाज काढायला गेलो. निघाला नाही. नुसती घरघर झाली. दुसरा तुकडा घेतला, तेच. मला तिथं बसवेना. खाली भंगारवाला आला होता, पेटी उचलली आणि त्याच्या गाड्यावर ठेवली. परत वर येताना जिन्यात चुकल्यासारखं झालं, पण तोवर तो वळणावर गेला होता आणि हाक मारायला मला जमलं नाही.

हे तुला भाऊबीजेलाच सांगायला पाहिजे होतं. ओवाळताना तुझं तोंड बघून धीर झाला नाही. मग तू कट्टी केलीस आणि मी सुटलो. फोन नाही म्हणजे आवाज ऐकवायला नको, आवाज नाही म्हणजे सांगायला नको. तुला पत्रं हवी होती आणि मला लपायला जागा हवी होती. दोघांनी मिळून ते केलं. तू एकटी ते डोक्यावर घेऊ नकोस, मला त्याचा त्रास होतो.

मी बरा आहे. पातळ खातो. गळ्याला लावून बोलायचं एक मशीन मिळतं म्हणतात. हॉस्पिटलात एक गृहस्थ ते लावून बोलत होते, बार्शीचे. काम चालतं, पण तो आवाज त्यांचा नव्हता, मशीनचा होता. महांतेश आणू या म्हणतो. आणलं तर बायकोला हाक मारायला नाही, ती गेली. औषधवाल्याशी बोलायला उपयोग होईल.

आता तुझा प्रश्न. आजाराचं सांगणार नव्हतो. ऑपरेशनचंही नाही. तू घाबरली असतीस आणि पाच मिनिटं रडण्यात गेली असती.

संध्याकाळी अव्वा तुला गॅलरीतून हाक मारायची, आठवतं? नाव अर्धंच घ्यायची आणि शेवटचं अक्षर ओढायची, बोळाच्या टोकापर्यंत. अप्पाही तशीच मारायचे. मग मी शिकलो. दुधनीत तुला कुणी बाई म्हणतं, कुणी काकू, तुझा मुलगा अव्वा म्हणतो. त्या नावानं, त्या सुरात हाक मारणारं कुणी उरलं नाही, मी सोडून. मी पण गेल्या कित्येक वर्षांत मारली नव्हती. म्हातारपणी कशाला, असं वाटायचं. हॉस्पिटलात भरती व्हायच्या आदल्या दिवशी जिन्यात कुणी नाही बघून मी हळूच मारून पाहिली. घसा खराब होता तरी तेवढी निघाली.

तुला फोनवर ती एकदा मारायची होती. आणि तू ओ दिलेली ऐकायची होती. बाकी काही बोलायचं नव्हतं.

आज इथं लिहून पाठवावी म्हणून सकाळपासून बसलोय. चार वेळा लिहिली आणि खोडली. नुसतं नाव होतंय, हाक होत नाही.

प्रभु